साउथएंडचं जावळ

आमचा निनू अडीच वर्षांचा होईपर्यंत लंडनच्या टोकाचं आमचं सगळं एजवेअर त्याला मुलगी समजत होतं. त्यात एजवेअरचा काही दोष नव्हता. खांद्यावर रुळणारे काळेभोर कुरळे केस, ते डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून आईने डोक्यावर बांधलेली शेंडी आणि शेंडीला माझी जुनी लाल रिबन; कुणीही फसलं असतं. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई ‘हॅलो प्रिन्सेस’ म्हणून त्याच्या हातात बिस्किट ठेवायची आणि हा लबाड चकार शब्द काढायचा नाही. बिस्किट मिळतंय ना, मग प्रिन्सेस तर प्रिन्सेस. बाबा मात्र वैतागायचे. ते हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, त्यांचा आवाज एरवी कधी चढायचा नाही, पण या केसांवरून चढायचा. “अगं, हेअरड्रेसरकडे नेऊन आण की त्याला. दहा मिनिटांचं काम.” आईचं उत्तर ठरलेलं असे. “जावळ आहे ते. लॉनवरचं गवत नाही, वाढलं की कापायला.”

परवा माझ्या नातीला जावळ म्हणजे काय ते समजावताना माझ्या नाकी नऊ आले. तिला म्हटलं, अगं, बाळाचे जन्मापासूनचे केस, ते पहिल्यांदा काढायचे ना, तो एक सोहळा असतो. पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी करतात, आणि बाळाला मांडीवर घेऊन बसायचं ते मामाने. “व्हाय मामा? व्हाय नॉट डॅडी?” आता काय सांगू कप्पाळ! म्हटलं, “डॅडी घरात असतोच गं. मामाला बोलवावं लागतं.” हे मी तिथल्या तिथे ठोकून दिलं होतं, पण नंतर भांडी विसळताना वाटलं, अगदीच चूक नाही सांगितलं. बहिणीच्या मुलाला मांडीवर घ्यायला भाऊ येतो, म्हणजे बहिणीचं माहेर चालू आहे असं चार लोकांना दिसतं. आमच्या आईचं सगळं घोडं नेमकं तिथेच अडलेलं होतं.

आईला या देशात माहेर म्हणून एकच घर होतं, साउथएंडचं. तिचा धाकटा भाऊ, आमचा श्रीमामा, तिथल्या हॉस्पिटलात सर्जन होता. नागपूरला तिचे आई-वडील केव्हाच गेलेले, घर विकलेलं, त्यामुळे ‘माहेरी जाते’ म्हणजे लिव्हरपूल स्ट्रीटहून ट्रेन धरायची, तासाभरात माहेर. महिन्यातून एखादा शनिवार तरी आम्ही तिकडे नाहीतर ते दोघं आमच्याकडे. कुंदामामी मला फार आवडायची. दिसायला साधी, किरकोळ, पण एकदा हसायला लागली की तिला थांबताच यायचं नाही. हसता हसता भिंतीला टेकायची, मग खाली बसायची. आमच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, ते पसंत नव्हतं. “बाईमाणसाने एवढं हसू नये,” असं ती म्हणायची, आणि मामी आली की तिच्याच हातचं साबुदाण्याचं थालीपीठ दोनदा मागून घ्यायची.

मग एका हिवाळ्यात मामीला मुलगी झाली आणि बारशाच्या आतच गेली. जन्मतःच हृदयात काही दोष होता. मामा स्वतः डॉक्टर, बाबा डॉक्टर, पण कुणाच्या हातात काही नव्हतं. आई तेव्हा तिच्याकडे जाऊन राहिली होती. परत आली ती खाली बघत घरात शिरली आणि कोट न काढताच जिन्यावर बसून राहिली. नंतर पाच-सहा महिन्यांनी आमच्याकडे निनू झाला. मी तेव्हा सेकंडरी स्कूलला नुकतीच जायला लागले होते, आणि इतक्या वर्षांनी घरात बाळ आलं म्हणून आजी एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी चालायला लागली होती.

त्याचं बारसं ठरलं. आई पलंगावर बसून निनूला पाजत होती, मी खालच्या सतरंजीवर गृहपाठ करत होते, आणि आजी मटार सोलत होती. सोलता सोलता वर न बघता आजीने विचारलं, “कुंदा यायची आहे का गं बारशाला?” बस्, एवढंच. मटाराचे दाणे पातेल्यात टपटप पडत राहिले. दुसऱ्या दिवशी आईने जिन्याखालच्या फोनवरून साउथएंडला फोन लावला आणि म्हणाली, “कुंदा, तू एवढ्यात नको येऊस गं. तुला त्रास होईल. जरा बरं वाटलं की ये सावकाश, मग घे त्याला.” पलीकडून मामी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण फार लांबण नव्हतं. ‘बरं’ म्हणाली असेल. संध्याकाळी मामाचा फोन आला, तो बाबांनी घेतला. “अरे श्री, तसं नाही... तसा अर्थ काढू नकोस,” असं बाबा तीन-चारदा म्हणाले आणि मग नुसतेच रिसीव्हर धरून उभे राहिले, कारण मामाने तो केव्हाच ठेवला होता.

त्यानंतर माहेर बंद. दिवाळीला छापील कार्ड यायचं, खाली मामाची एकट्याची सही. आमचंही जायचं. आपल्या लोकांची ही खासियत आहे. तोंडावर कुणी काही बोलत नाही, सगळं काळजीच्या भाषेत चालतं, ‘तुला त्रास होईल’, ‘तुझी दगदग नको’, आणि ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळतं. मुलगी गेलेल्या बाईची सावली पाळण्यावर नको, असं आमच्या घरात त्या दिवशी कुणीही म्हटलं नव्हतं. आजही मला त्याचा राग येतो. म्हटलं असतं तर कुणीतरी भांडलं तरी असतं. बाबा नक्की भांडले असते.

निनूला तिसरं लागलं तशी आई अस्वस्थ झाली. तिसरं टळलं की एकदम पाचवं. आजी सुचवायची, “वेम्बलीत कुणी मानलेला भाऊ बघा, चालतं.” आई “बघू” म्हणायची. रोज सकाळी स्वैपाकघरात तेच नाटक: निनूला खुर्चीत दाबून बसवायचं, खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवायची, कारण इथल्या थंडीत तेल दगडासारखं गोठायचं, आणि मग केसांतला गुंता काढायचा. त्याच्या किंकाळ्या शेजारच्या मिसेस पार्करपर्यंत जायच्या. एकदा असाच तो रडत असताना आईने कंगवा खाली ठेवला, सरळ फोनकडे गेली आणि नंबर फिरवला. मी टोस्ट खात होते, ती खायची थांबले. “श्री, ताई बोलतेय. निनूचं जावळ राहिलंय. तिसरं लागलंय.” थांबली. “येऊ का आम्ही शनिवारी?” पुन्हा थांबली, आणि फोन ठेवला. “काय म्हणाला मामा?” मी विचारलं. “‘या’ म्हणाला,” आई म्हणाली, आणि पदराने फोन पुसत बसली. आमच्या घरातला फोन इतका स्वच्छ आधी कधी नव्हता.

शनिवारी सकाळी आईने जणू काशीला निघाल्यासारखी तयारी केली. औक्षणाचं ताट, निरांजन, नारळ, मामासाठी शर्टपीस, मामीसाठी साडी, बटाट्याची भाजी भरून गुंडाळलेल्या पोळ्या, थर्मासमध्ये चहा, बेसनाचे लाडू आणि निनूचे कपड्यांचे तीन जोड. आजी गुडघ्यांचं निमित्त सांगून घरीच राहिली. आम्ही दारात निनूची पुशचेअर उलगडत होतो तेव्हा ती आतून आली, आईला म्हणाली, “कुंदाला म्हणावं...” आणि थांबली. आई तिच्याकडे बघत राहिली. “काही नाही. जपून जा. पोराला मफलर घाला,” असं म्हणून ती आत वळली.

नॉर्दर्न लाइनने मूरगेटपर्यंत आणि तिथून लिव्हरपूल स्ट्रीटला चालत. त्या काळचं लिव्हरपूल स्ट्रीट म्हणजे काळोखी, काजळी धरलेलं, कबुतरांचं राज्य. निनूला ते राजवाड्यासारखं वाटलं असावं; प्रत्येक इंजिनाला हात करत तो “बाय-बाय ट्रेन” म्हणून ओरडत होता, आणि एकही ट्रेन हललेली नव्हती. आमच्या गाडीला प्रत्येक खणाला स्वतंत्र दार होतं, बाहेरून धाडकन लावायचं. आता मी त्याच मार्गाने जाते तेव्हा दारं मऊसूत आवाज करून आपली आपण मिटतात आणि कुणाचं बोट सापडत नाही, तरी माझा हात अजूनही नकळत दाराच्या कडेवर जातो, शेजारी मूल असो वा नसो. बाबा त्या दिवशी दाराला पाठ लावून बसले ते साउथएंडपर्यंत हलले नाहीत.

समोर एक म्हातारी इंग्रज बाई होती. “वॉट अ ब्यूटिफुल लिटल गर्ल,” ती म्हणाली. “बॉय,” बाबा म्हणाले. “ओह,” बाई म्हणाली आणि आमच्या पोळ्यांचा डबा उघडल्यावर मात्र पेपरात जे डोकं घातलं ते शेनफिल्डला उतरेपर्यंत वर काढलं नाही. ती उतरली आणि त्यानंतर थोड्याच वेळात गाडी शेतांच्या मधोमध थांबली. का थांबली ते काही कुणी सांगायला आलं नाही. आणि अर्थातच निनूला त्याच क्षणी ‘शू’ लागली. आमच्या डब्यात टॉयलेट नव्हतं, एका खणातून दुसऱ्यात जायला वाटही नव्हती. आई म्हणाली, “अहो, करा काहीतरी.” बाबांनी शांतपणे खिडकीची काच खाली केली, थर्मासमधला सगळा चहा एसेक्सच्या शेतात ओतला आणि थर्मास निनूपुढे धरला. ऑपरेशन थिएटरमध्ये ते असेच उभे राहत असतील, असं मला वाटलं. शू झाल्यावर निनू थर्मासात वाकून म्हणाला, “चाय.” मी इतकी हसले की उचकी लागली. आई हसली नाही. तिचं लक्षच नव्हतं.

गाडी तिथे बराच वेळ थांबून राहिली. निनू माझ्या मांडीवर आडवा होऊन झोपला. मीही डोळे मिटून घेतले, आणि चौदा वर्षांच्या मुलीने डोळे मिटले की ती झोपली असं आई-वडिलांना का वाटतं देव जाणे. आई हलक्या आवाजात बोलायला लागली. “त्या काही बोलल्या नव्हत्या हो. मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आले की तुमच्या आईमुळे झालं. त्यांनी फक्त विचारलं होतं. भ्यायले ती मी.” बाबा म्हणाले, “तू ओली बाळंतीण होतीस. त्या दिवसांत मन...” “असू दे. बी.एस्सी. झालेली बाई मी. लोकांच्या कुंडल्या-बिंडल्यांना हसणारी. आणि मला वाटलं, कुंदाने पाळण्यात वाकून बघितलं आणि माझ्या पोराला काही झालं तर? कुंदाने! जिच्या पोरीला मी शेवटचे कपडे घातले, तिने!” मग ती रडायला लागली. बाबांनी तिला रुमाल दिला. मी डोळे घट्ट मिटून बसले होते आणि मला आईचा राग आला होता, आणि त्याच वेळी तिची फार दयाही आली. “आज श्रीने त्याला मांडीवर घेतला नाही ना,” आई म्हणाली, “तर हा दरवाजा कायमचा लागला असं समजायचं मी.”

मामा घराबाहेर फाटकापाशी उभा होता. केस पांढरे व्हायला लागले होते. “या,” म्हणाला. फोनवरचाच शब्द, त्यात भर नाही. त्याने बाबांच्या हातातली पुशचेअर घेतली, माझ्या डोक्यावर टप्पल मारली, “केवढी झालीस!” म्हणाला, पण आईकडे बघून नुसती मान हलवली. आत घर चकाचक, टेबलावर भरतकाम केलेला टेबलक्लॉथ, गाड्यांचा गोंगाट नाही, पोरांचा नाही. मामी ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. बारीक झाली होती. तिने सगळ्यांना पाणी दिलं, माझ्या गालाला हात लावला, “प्रवास ठीक झाला ना, वन्सं?” विचारलं आणि आत गेली. निनू तिच्या पायाशी उभा राहून वर बघत होता. तिने त्याला वळसा घातला, आपण जमिनीवर पडलेल्या खेळण्याला घालतो तसा. आईने ते पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

न्हावी वगैरे काही नव्हता. “मी करतो,” मामा म्हणाला. कात्री, वस्तरा, गरम पाणी, सगळं त्याने हॉस्पिटलातल्यासारखं टॉवेलवर मांडून ठेवलं होतं. “अनंतराव, भूल देता का जरा?” असं त्याने बाबांना विचारलं, आणि क्षणभर वाटलं की जुना मामा परत आला. पण मांडीवर घेऊन कापायचं म्हणजे दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक वस्तरा चालवायला. मामाने निनूला मांडीवर घेतलं, पहिली बट स्वतः कापायची म्हणून कात्री उचलली मात्र, आणि पोराने जे आकांडतांडव मांडलं की काय सांगू! पाठीची कमान केली, पाय झाडले, मामाच्या मनगटाला कडकडून चावला. मामाने कात्री लांब ठेवली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. बाबांनी धरून बघितलं, मी गाणी म्हटली, आईने लाडू दाखवला. निनू लालबुंद, श्वास अडकलेला. शेवटी मामाने त्याला खाली ठेवलं, मनगट चोळलं आणि म्हणाला, “राहू दे ताई. नाही व्हायचं हे. माझ्याकडून होईल असं मला वाटलंच नव्हतं.”

त्याच्या आवाजात पोराबद्दलचा वैताग नव्हता, ते आईला कळलं, आणि तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. स्वैपाकघरात नळ सोडलेला होता. मामी मगापासून तिथेच होती. आईने रडणाऱ्या निनूला उचललं आणि ती सरळ आत गेली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले.

“कुंदा, तू घे त्याला.”

मामीने नळ बंद केला, पण वळली नाही. “मामाच्या मांडीवर करतात, वन्सं.”

“कुणाच्या मांडीवर करतात ते मला नको शिकवूस. तू घे.”

“नको.” मामी हात पुसत होती, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होती. मग ती वळली. इतकं सरळ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “उद्या याला साधा ताप आला ना, तरी तुम्हाला माझी मांडी आठवेल. तुम्हाला आठवेल, घरी तुमच्या सासूबाई आहेत त्यांना आठवेल. मला नाही सोसायचं ते परत. एकदा सोसलं.”

मला वाटलं, आता आई म्हणेल, ‘छे गं, काहीतरीच काय!’ आपल्याकडे असंच म्हणतात. मी असते तर तेच म्हटलं असतं. पण आई तशीच उभी राहिली, निनूचं नाक तिच्या खांद्याला पुसलं जात होतं, आणि ती म्हणाली, “आठवेल. खोटं कशाला बोलू तुझ्याशी? आठवेल मला. मेलं मन आहे, ते काय माझं ऐकतंय? आठवलं तरी घे. मी चुकले कुंदा. फार वाईट चुकले.”

माझ्या पाठीमागे बाबा आणि मामा येऊन उभे राहिले होते. मग मामीने हात पुढे केले. तिने निनूला घेतलं ते काही चमत्कार होऊन तो गप्प झाला असं नाही, तो भोकाड पसरूनच होता, पण तिने त्याला आपल्या अंगाशी असा आवळून धरला की त्याला पाय झाडायला जागाच उरली नाही, आणि खिडकीपाशी नेऊन बाहेरची मांजर दाखवली. मग तशीच जाऊन मामाच्या खुर्चीत बसली. “काप रे श्री,” असं तिने म्हटलं नाही, ती मामाला नावाने हाक मारायची नाही. “चला, आटपा,” म्हणाली. मामाने पहिली बट कापली. केस मामीच्या मांडीवर पडत राहिले, आणि ती खाली न बघता समोर भिंतीकडे बघत बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. आई पुढे झाली आणि तिने आपल्या पदराने तिचे डोळे पुसले, एकदा, दोनदा, वस्तरा चालू होता तोपर्यंत पुसत राहिली.

नंतर निनूला न्हाऊ घातलं, टाळूवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, औक्षण झालं. जेवायला मामीने वरण-भात आणि मटाराची उसळ केली होती. फार बोलणं झालं नाही, पण मामाने आईच्या ताटात न विचारता भात वाढला. दुपारी केस समुद्रात सोडायला गेलो, तर समुद्र जागेवर नाही! साउथएंडचा समुद्र ओहोटीला इतका लांब जातो की नुसता चिखलच चिखल. मामाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कागदात बांधलेले केस घेऊन तो चिखल तुडवत निघाला. बाबाही बूट हातात घेऊन त्याच्यामागे गेले. दोघं लांबवर ठिपक्याएवढे दिसत होते. आम्ही बाकावर बसलो. निनूचं गुळगुळीत डोकं बघून शेजारची एक बाई हळहळली, “पुअर लिटल थिंग, हॅज ही बीन व्हेरी इल?” आई उत्तर द्यायला गेली, पण मामीच आधी म्हणाली, “नो. ही इज व्हेरी वेल. ही इज अवर बॉय.” आणि तिने स्वतःचा स्कार्फ काढून त्याच्या डोक्याला बांधला, कारण वारं फार बोचरं होतं.

आणि मग पुढच्याच आठवड्यात निनूला ताप आला.

साधा नाही, चांगला सणसणीत. शनिवारचं ते वारं लागलं असेल, नाहीतर प्लेग्रुपमध्ये कुणाकडून आला असेल, पोरांना येतात तसा. पण आमच्या घराचा नूरच पालटला. आजी देवापाशी जरा जास्त वेळ बसली. मग तिने आईला विचारलं, “कुणी धरलं होतं गं त्याला, जावळाच्या वेळी?” साउथएंडहून आल्यावर आईने सगळं सांगितलं नव्हतं, नुसतं ‘छान झालं’ म्हणाली होती. मी कपाळावरच्या गार पाण्याच्या पट्ट्या बदलत होते, त्या तशाच हातात धरून बसले. मटाराच्या दिवशीसारखाच तो प्रश्न होता, नुसता विचारलेला. बाबा हॉस्पिटलात होते. आई उठली आणि फोनकडे गेली, आणि या वेळी आजीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलली. “कुंदा? निनूला ताप आलाय. एकशे तीन. हो, मला आठवलं. तू म्हणालीस तसंच आठवलं, घरात सगळ्यांना आठवलंय. म्हणूनच फोन केला. ये तू. आजच ये. मला तू हवी आहेस इथे.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली, आणि रिसीव्हर ठेवून तिथेच जिन्यावर बसली.

मामी दुपारी आली, एकटी, हातात एक छोटी बॅग. तिने त्याआधी एकटीने लंडनमधून कधी प्रवास केलेला नव्हता, हे मला नंतर कळलं. ती कोट काढून, हात धुऊन पुढच्या खोलीत आली. तिथे आजी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती, निनू सोफ्यावर तापाने कण्हत होता. मामी दारातच थांबली. आई आजीकडे बघत होती. आजी खुर्चीचे हात धरून उठली, गुडघे दुखत होते तिचे, तिला उठायला वेळ लागला. “इथे बस,” ती म्हणाली. “हिटरजवळ आहे. पोराला घेऊन बसायला बरी पडते.”

मामी बसली आणि आईने निनू तिच्या मांडीवर दिला. तो तिच्या कुशीत तोंड खुपसून पडला, आणि तासाभराने, बाबांच्या औषधाने किंवा आपल्या आपण, त्याला घाम फुटला. मामीची साडी भिजली. ती हलली नाही. दिवे लागायची वेळ झाली तशी आजी आतून आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “कुंदा, पाय अवघडले असतील तुझे. आण इकडे, मी घेते जरा त्याला.”

“नको,” मामी म्हणाली. “राहू दे माझ्याजवळ.”